शनिवार पाळणारा बैल

दुबईच्या रास अल खोरला लोक खाडीतले रोहित पक्षी बघायला जातात. मी गेले ती आपल्या अलिबागच्या एका भाऊंना भेटायला. तिथल्याच गॅरेजांत टेक्निशियन म्हणून त्यांची नोकरी झाली. आता निवृत्त होऊन मुलाकडे असतात आणि वहीत लहानपणच्या गमती लिहितात. मराठीत!

केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला, छापून आला १९३७ साली. नवगावजवळ फुटलेलं गलबत, तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं ‘शनवार तेली’ हे नाव, सगळं त्यात आहे. भाऊंच्या वहीत आजोबांचा बैल आहे. त्याला शब्बाथ इतका अंगवळणी पडला, की शुक्रवारी ऊन कललं की तो घाण्याला अडून उभा राही. आजी म्हणे, “घरात खरा धार्मिक हाच!” इस्राएल आळीतलं हे हसू इतिहासाच्या पुस्तकात कुठून सापडणार?

नर्सची नजर ती! शेवटच्या पानांवर अक्षर बारीक आणि कापरं झालेलं मला लगेच दिसलं. नातवंडं इस्राएलात, मराठी कळतं, वाचता येत नाही. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. म्हटलं, “भाऊ, मोठ्यानं वाचा.” बैलापाशी आलो, तेव्हा हसण्यामुळे तीनदा थांबावं लागलं.