शिवी कुणाला लागते?

लालबागच्या आमच्या चाळीत पहाटे पाण्यावरून भांडणे होत. भांडणारे दोघे पुरुष असले, तरी त्यांच्या तोंडून निघणारे शब्द एकमेकांच्या आईकडे, बहिणीकडे जात. त्या बिचाऱ्या गावी असत, नाहीतर आत चहा टाकत असत. माझी आत्या हंडा घेऊन रांगेत उभी असे. ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती आणि ऐन तिशीत विधवा झालेली. त्या भांडणात एक शब्द हमखास येई, 'रांडेच्या'. तो आला की आत्या मान खाली घाली. त्या वयात मला त्याचे कारण कळले नाही.

ते कळले फार पुढे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मोल्सवर्थचा कोश उघडला तेव्हा. 'रांड' या एकाच नोंदीत विधवाही आहे आणि तिरस्काराचा अर्थही. संस्कृतातल्या 'रण्डा' शब्दातही हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. पुरुषासाठी 'रंडका' आहे, 'विधुर' आहे, 'बिजवर' आहे. पण त्यातल्या कुठल्याही शब्दाने नळावर भांडण पेटल्याचे मी पाहिले नाही. नवरा मेला ही बाईची शिवी झाली. बायको मेली ही पुरुषाची फक्त माहिती राहिली. खास पुरुषासाठी राखलेली 'भाडखाऊ'सुद्धा त्याने बाईच्या कमाईवर जगावे या अर्थाची. म्हणजे पुरुषाला टोचायचे तरी सुई बाईतूनच ओवायची.

शब्दाला हा विखार शब्दातून आला नव्हता, जगण्यातून आला होता. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा मिळाली खरी. पण पुनर्विवाह केला की मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत तिचे केशवपन होई. त्यातून 'बोडकी' हा शब्द आला. इतर अनेक जातींत पाट लागत असे, तिथे विधवेचे दुसरे लग्न रूढ होते. तरीही 'रांड' आणि 'बोडकी' त्यांच्याही तोंडी बसले. प्रथा काही जातींची होती, शिवी मात्र सगळ्यांनी घेतली.

या प्रथेला हादरे याच शहरात बसले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तिथे शिकलेल्या बालविधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी, आनंदीबाई झाल्या. १८९० मध्ये गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिकांना संघटित केले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे त्यांच्याकडून ठरवून घेतले. हात ज्यांचे, त्यांनीच नकार दिला. सुधारणेच्या इतिहासात याहून सरळ कृती मला आढळलेली नाही.

त्याआधी १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. बायकांवर जे दोष चिकटवले जातात ते एकेक घेऊन त्या विचारतात की हे पुरुषांत नाहीत काय? पुस्तकावर टीका झाली, तेव्हा १८८५ मध्ये जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

मग शब्द बदलला की भागते का? एप्रिल २०२३ मध्ये राज्यात विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावे अशी सूचना पुढे आली आणि वाद झाला. 'गं. भा.' आपण जुन्या पत्रांत, लग्नपत्रिकांत वाचलेले आहे. शब्द पवित्र, पण काम तेच: नाव सांगण्याआधी नवरा गेल्याचे सांगणे. शिवीवर साखर घातली म्हणून तिचा रोख बदलत नाही.

रोख बदलतो तो कामाने. १९८२ च्या संपात गेटवर फुटिरांना 'बांगड्या भर' म्हणताना मी ऐकले आहे. बांगडी म्हणजे भित्रेपणा! आणि त्याच गिरण्यांत वाइंडिंग, रीलिंग खात्यांत बांगड्या भरलेल्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या सूत गुंडाळले होते. त्याच्या दहा वर्षे आधी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघरातले लाटणे टिंगलीची वस्तू उरले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. दंडाने जीभ सुधारते का, यावर वाद घालता येईल. पण शिवी ऐकणाऱ्या बाईचे काहीतरी नुकसान होते, हे एका गावाने जाहीर मान्य केले, हे मला मोलाचे वाटते.

पर्याय शोधतानाही जपावे लागते. मी एकदा 'भामटा' वापरून सुटलो असे समजलो, तर ते एका विमुक्त जातीचे नाव निघाले. बाईला सोडून जातीला धरले, एवढेच.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना गॅलरीत मी एका मित्राला तोच शब्द घातला. आत्या भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारले, "पैसे त्याने बुडवले ना? मग त्याच्या आईने तुझं काय केलं रे?"

मला उत्तर देता आले नाही. आत्या स्वतः मात्र भांडायला कमी नव्हती. कुणी रांगेत घुसले की म्हणे, "लबाडा, मागं हो." लबाड, खोटारडा, आपमतलबी, कामचोर: तिचे शब्द माणसाच्या करणीला धरून असत, त्याच्या घरातल्या बाईकडे जात नसत. आणि तो माणूस मागे होई.