अपत्यसंख्येचा निर्णय (भंडारा जिल्हा)

मूल किती, केव्हा आणि पाळणा कधी थांबवायचा, याविषयी भंडाऱ्यातील अल्प उत्पन्न गटातल्या स्त्रियांवर असलेला घराचा, मजुरीचा आणि सरकारी नियमांचा दाब. वैनगंगेकाठच्या या धानाच्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार हजार पुरुषांमागे 982 स्त्रिया. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात मात्र हजार मुलांमागे 950 मुली.

गरीब घरात लेकरे फार, हा शहरी समज आता जुना झाला. राज्याचा एकूण जननदर 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 होता. दोन लेकरे आणि मग ‘ऑपरेशन’, हा प्रघात पडला आहे. गाडी अडते ती मुलग्यापाशी. दोन्ही मुली असल्या की सासू ‘आणखी एक पाहू’ म्हणते, आशा सेविकेचा सल्ला लांबणीवर पडतो. तांबी किंवा गोळ्यांनी पाळणा लांबवण्यापेक्षा एकदाच मोकळे होण्याकडे कल.

ऑपरेशनची वेळ पुष्कळदा शेतीच ठरवते. रोवणीत दिवसभर चिखलात वाकायचे असते, ताजे टाके घेऊन ते होत नाही. त्यामुळे कापणी-मळणी उरकल्यावरची थंडी सोयीची. विडी वळणारीला तेवढीही उसंत नाही, तेंदूपान-तंबाखूचे सूप बाळंतिणीच्या मांडीवर लवकरच परतते. विडी कामगार कल्याण निधीचे बाळंतपणाचे साहाय्य पहिल्या दोन खेपांपुरतेच.

पुरुष नसबंदी : स्त्रियांच्या मानाने फार कमी.

नियम : 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. पुढे शासनाने स्वतःच ‘दोन’ची रेघ ओढली. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती ग्रामपंचायत सदस्यत्वाला अपात्र ठरते. महिलांना निम्म्या जागा राखीव झाल्यावर ही अट स्त्रियांनाही सरसकट भोवू लागली. तिसऱ्या खेपेचा आग्रह धरणाऱ्या सासूला मात्र कोणतीच अपात्रता नाही. 2023 पासूनची ‘लेक लाडकी’ योजना पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांच्या मुलीला टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये देते. दुसऱ्या अपत्यानंतर आई किंवा वडिलांची कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. दोघांपैकी कोणीही चालते. दवाखान्यात बहुधा आईच जाते.