होडीच्या पिछाडीचे यंत्र आणि त्याची नाडीपरीक्षा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधकाचे नाव आणि शोधाचे वर्ष देऊन थांबतात. ते यंत्र बंद पडले असता दुरुस्त कोण करीत असे, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. वास्तविक एखादे यंत्र सामान्य माणसाच्या संसारात कितपत मुरले, याचे उत्तर या दुसऱ्या प्रश्नातच दडलेले असते. होडीच्या पिछाडीस बाहेरून अडकविण्याचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड यंत्र हे याचे उत्तम उदाहरण होय.

या यंत्राची जन्मकथा अमेरिकेतील आहे. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने १९०७ पूर्वीच असे यंत्र घडविले होते. परंतु त्यास घरोघर पोहोचविण्याचे श्रेय ओले एव्हिनरूड या कारागिराकडे जाते. १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच आईबापांबरोबर विस्कॉन्सिन प्रांतात आलेला हा मुलगा यंत्रशाळांत काम करीत करीत वाढला. एका उन्हाळ्यात प्रिय बेससाठी सरोवरापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून मारून तो थकला आणि तेव्हाच त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका कशीही असो, १९०९ मध्ये मिलवॉकी येथे त्याने विक्रीस आणलेले यंत्र दीड अश्वशक्तीचे होते. त्याचे वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर. विवाहानंतर बेसने पत्रव्यवहार व जाहिराती सांभाळल्या. वल्ही फेकून द्या, असा तिच्या जाहिरातीचा आशय असे. लवकरच स्कँडिनेव्हियातील कोळ्यांसाठीही या यंत्रांची मागणी येऊ लागली.

पुढे बेसच्या प्रकृतीमुळे ओलेने आपला हिस्सा विकला. परंतु काही वर्षांतच त्याने ॲल्युमिनियमचे, दोन सिलिंडरांचे, अधिक हलके यंत्र सिद्ध करून ‘एल्टो’ या नावाने नवा संसार थाटला. १९२९ मध्ये हे दोन्ही प्रवाह पुन्हा एक झाले. १९३३ मध्ये बेस आणि १९३४ मध्ये ओले निवर्तला.

हे यंत्र कोळ्याच्या हाती टिकले, ते त्याच्या साध्या रचनेमुळे. मोटारीच्या इंजिनात असतात तशा झडपा व त्या हलविणारे दांडे यात नाहीत, आणि वंगणाची वेगळी टाकीही नाही. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या पेटीत हवा व इंधन यांचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येतो तेव्हा तेच मिश्रण बाजूच्या वाटेने वर ढकलले जाते आणि जळलेला वायू बाहेर पडतो. दर फेऱ्यास एक स्फोट, आणि वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले. पुष्कळ जुन्या यंत्रांना २४ भाग पेट्रोलास १ भाग तेल लागे. १९६० नंतरच्या दशकात हे प्रमाण ५० भागांस १ भागावर आले. जुन्या यंत्रास नव्या प्रमाणाचे पेट्रोल पाजले तर त्याची बेअरिंगे झिजतात. तेल अधिक झाले तर स्पार्क प्लग काजळतो.

वैद्य जसा त्रिदोषांचा विचार करून निदान करतो, तसे या यंत्राचे निदानही तीन गोष्टींत आटोपते : ठिणगी, इंधन आणि दाब.

पहिली परीक्षा ठिणगीची. प्लग काढून, तारेसह, त्याच्या भोकापासून दूर, सिलिंडरच्या उघड्या धातूस टेकवावा व दोरी ओढावी. निळसर, चटचटणारी ठिणगी पडली तर चिंता नाही. ती पिवळट असली वा पडलीच नाही, तर प्रथम प्लग बदलून पाहावा. तरीही दोष राहिला तर फ्लायव्हीलखालच्या मॅग्नेटोकडे वळावे. बहुतेक दोष तेथील पॉइंटांवर चढलेल्या गंजात वा तेलकटपणात असतो. ते स्वच्छ करून, पुष्कळ अमेरिकी यंत्रांत, सुमारे अर्धा मिलिमीटर फट ठेवली की ठिणगी परत येते. जुन्या कॉइलचे आवरण तडकले असेल, तर मात्र ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी परीक्षा इंधनाची. दोरी काही वेळा ओढून प्लग काढला आणि तो कोरडा निघाला, तर पेट्रोल वर पोहोचत नाही हे स्पष्ट होते. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे की नाही हे आधी पाहावे. एवढ्याशा विसराळूपणाने यंत्रे बंद पडतात. त्यानंतर नळी, गाळणी आणि कार्ब्युरेटर. साचून राहिलेले पेट्रोल आटते, त्याचा चिकट राळेसारखा थर बारीक छिद्रे बुजवितो.

तिसरी परीक्षा दाबाची. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढली असता अंगठा जोराने मागे लोटला गेला पाहिजे. दोन सिलिंडर असल्यास दोन्हींचा जोर जवळजवळ सारखा हवा. तो क्षीण असेल तर रिंगा किंवा पिस्टन झिजला, असे समजावे.

यंत्र उत्तम चालते पण होडी हलत नाही, असा प्रसंग आला तर पंख्याची खीळ तुटली असावी. पंखा दगडावर आपटला असता आतील दाते वाचावेत म्हणून ती मुद्दामच दुर्बळ ठेवलेली असते. आणि यंत्र फार तापत असेल, तर पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी चक्र तपासावे. ते यंत्र पाण्याबाहेर चालविल्याने क्षणात जळते.

आपल्या किनाऱ्यावर ही विद्या उशिरा आली. १९८० नंतरच्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी जपानी यंत्रे झपाट्याने पसरली. गोव्याच्या व कोकणच्या होड्यांनाही आउटबोर्ड लागले. रॉकेलाची काजळी अधिक, म्हणून प्लग साफ करणे हा खारव्यांचा नित्यनेम झाला. त्यातच आमचा पावसाळा लांब. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेस दर्यात नारळ सोडून पुन्हा लोटल्या जातात. मधल्या काळात कार्ब्युरेटरात पेट्रोल तसेच राहिले, तर पूजेच्या दिवशीच दोरी व्यर्थ ओढावी लागते. यंत्र ठेवताना कार्ब्युरेटर रिकामा करावा आणि पाणी निथळेल असे ते उभे ठेवावे, हे शहाण्या तांडेलास कोणी शिकवावे लागत नाही.

या यंत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. इंधनाचा बराच अंश न जळताच पाण्यात जातो; म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेने कडक नियम केले आणि जुनी रचना मागे पडत गेली. एव्हिनरूड नावाच्या आउटबोर्ड यंत्रांचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. नवी यंत्रे कमी धूर सोडतात, हे चांगलेच झाले. पण त्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे निदान अंगठ्याने होत नाही.

खंडेनवमीस आपण आयुधांना हळदकुंकू वाहतो. आयुधाची पूजा म्हणजे त्याच्या स्थितीची जाणीव ठेवणे, असा तिचा अर्थ घेतला तर जुन्या यंत्रांची ही त्रिविध परीक्षाही पूजेचाच भाग ठरते. किनाऱ्यावरील गावोगावी अजूनही काही वृद्ध मिस्त्री ही विद्या जाणतात. ती बहुतांशी हातात आहे, कागदावर नाही. त्यांच्यापाशी बसून ती लिहून घेण्याचे काम देवस्थानांच्या वाचनालयांनी व तरुण मंडळांनी अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. हात थकले की विद्याही थकते, आणि मग ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.