पेन्शनच्या सूत्रात महागाई कुठे आहे?

सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात पी.एफ.चे टेबल माझ्याकडे होते. १६ नोव्हेंबर १९९५ला कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली, तेव्हा कामगार विचारत, आमच्या फंडातले पैसे तिकडे का वळवता? सवाल रास्त होता. मालकाच्या वाट्यातून पगाराचे ८.३३ टक्के आता पेन्शनकडे जाणार होते. पण त्याआधीच्या १९७१च्या योजनेत दरमहा पेन्शन मिळे ती कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्यांना. हयात कामगाराच्या म्हातारपणी दरमहा पेन्शनची सोय १९९५च्या योजनेनेच केली.

आमच्या भागाला त्यातले एक कलम फार मोलाचे होते. हंगामी कामगार गाळपाचे चार-पाच महिनेच कामावर असला, तरी पेन्शनसाठी त्याचे वर्ष पूर्ण धरत. पेन्शनच्या अर्जाचा १० डी फॉर्म भरताना मी ते आवर्जून तपासत असे.

मेख होती हिशेबात. पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पण पगार कमाल मर्यादेपर्यंतच धरायचा. २००१ साली ती मर्यादा ६,५०० झाली आणि पुढची तेरा वर्षे तिथेच राहिली. माझ्या रजिस्टरात ओळीने ५४१ रुपये वर्गणी पडत गेली. २०१०मध्ये निवृत्त झालेल्या बॉयलरवरच्या फायरमनला १९९५नंतरच्या पंधरा वर्षांचे मिळाले महिना १,३९३ रुपये आणि आधीच्या सेवेपोटी ठरावीक थोडी रक्कम. महागाई भत्ता नाहीच.

सप्टेंबर २०१४मध्ये मर्यादा १५,००० झाली, किमान पेन्शन १,००० ठरली. सोबतच बाराऐवजी साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचे ठरले, म्हणजे पगार वाढत गेलेल्याची पेन्शन घटली. आधीच घरी बसलेल्यांना नव्या मर्यादेचा काही लाभ नव्हता.

महागाईचा भार कोणी उचलायचा, हे १९९५ला ठरवलेच नाही. तो गुपचूप म्हाताऱ्यांवर पडला. बुलढाण्यात या योजनेच्या पेन्शनरांनी साखळी उपोषण केले. महिना किमान ७,५०० रुपये पेन्शन आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी मला न्याय्य वाटते. मात्र तिचा खर्च आजच्या तरुण कामगाराच्या वर्गणीतून काढू नये. हा फंड त्यालाही पुरायचा आहे. फंडात सरकारचा हिस्सा पगाराच्या १.१६ टक्के, म्हणजे १५,०००वर १७४ रुपये. किमान पेन्शनची तूट सरकार तिजोरीतून भरतेच. किमान पेन्शन वाढवून ती महागाईशी बांधणे, हे सरकारचेच देणे आहे.