एकटी सोंगटी : झेनोपासून टीडी-गॅमनपर्यंत

(थ्रेड)

१/ झेनो हा पूर्व रोमन सम्राट इ.स. ४९१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे मरण पावला. त्याच्या लढाया आज फारशा कुणाला आठवत नाहीत. त्याला पडलेले एक दान मात्र स्मरणात राहिले आहे.

२/ खेळ टाबुला, म्हणजे बॅकगॅमनचा पूर्वज. २४ घरे, प्रत्येकी १५ सोंगट्या, ३ फासे. झेनोला २, ५, ६ पडले. इतर वाटा अडलेल्या असल्याने त्याला स्वतःच्याच जोड्या फोडाव्या लागल्या आणि ८ सोंगट्या एकट्या उघड्यावर आल्या. सहाव्या शतकातील कवी व इतिहासकार अगाथियास याने ही स्थिती पद्यात नोंदवली. टाबुलाचे नियम आज बऱ्याच अंशी त्या पद्यामुळेच कळतात. सम्राटाची फजिती अभ्यासकांच्या अशी कामी आली!

३/ सोंगट्या खेळलेल्या मराठी वाचकाला याचे मर्म सांगावे लागत नाही. जुग सुरक्षित, एकटी सोंगटी मारली जाते. बॅकगॅमनमध्येही तेच. पण प्रत्येक मार सारख्या मोलाचा नसतो, आणि डावाच्या आरंभीचा सारा पेच येथेच आहे.

४/ मारलेली सोंगटी पुन्हा शून्यापासून निघते. म्हणून ती किती चालून आली होती, हे मोजावे. समजा, प्रतिपक्षाने ४-१ या दानावर एक सोंगटी स्वतःच्या ९व्या घरात आणली आणि मागची एक सोंगटी एक घर पुढे सरकवली. पहिली मारली तर त्याची १६ पावले बुडतात. दुसरी मारली तर केवळ २. मग दुसरी कुणी का मारावी? वेळ मिळवण्यासाठी. मार खाल्लेल्याला आधी सोंगटी पटावर आणावी लागते, तोवर त्याचे बेत थांबतात. मात्र आपली मारणारी सोंगटी खोल घरात अडकते आणि बहुधा एकटीच राहते.

५/ १९७०च्या दशकातील निष्णात खेळाडू २-१, ४-१, ५-१ या आरंभीच्या दानांवर एक सोंगटी मुद्दाम स्वतःच्या ५व्या घरात एकटी ठेवत. याला ‘स्लॉट’ म्हणतात. वाचली तर पुढच्या दानात जोडी होऊन मोक्याचे घर हाती येई. ३६ पैकी १५ दाने तिला मारतात आणि २० पावले जातात. तरी हा जुगार शहाणपणाचा मानला जाई.

६/ १९७९ मध्ये मोंटे कार्लो येथे हान्स बर्लिनर यांच्या संगणकीय प्रणालीने जगज्जेता लुईजी व्हिला याला ७-१ असे हरवले. पण फासे तिच्या बाजूने पडले होते. व्हिलाचा खेळ सरस होता, हे बर्लिनर यांनीच मान्य केले. त्यामुळे जुन्या समजुतींना धक्का बसला नाही.

७/ धक्का दिला तो आयबीएममधील जेराल्ड टेसॉरो यांच्या ‘टीडी-गॅमन’ने, १९९०च्या दशकारंभी. ही प्रणाली स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकली. तिने स्लॉट नाकारला आणि मागची जोडी फोडून एक सोंगटी पुढे सरकवणे पसंत केले. ती मारली गेली तरी गमावण्यासारखे फारसे नसते. तज्ज्ञांनी त्याच स्थितीतून असंख्य डाव खेळवून पाहिले. निकाल प्रणालीच्या बाजूने लागला.

८/ काही वर्षांतच स्पर्धांमधून ४-१ आणि ५-१ वरील स्लॉट जवळपास नाहीसा झाला. २-१ वर मात्र दोन्ही चालींतील अंतर इतके थोडे आहे की, चांगले खेळाडू आजही ती सोंगटी ५व्या घरात एकटी ठेवतात.