तळटीप : कॉकपिटचा निचरा

* कॉकपिट म्हणजे शिडाच्या होडीत सुकाणू धरणाऱ्याने बसायची खोलगट, उघडी जागा. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ असो वा लहान होडी, लाट आत आली की ही जागा भरते. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत ३० सें.मी. पाणी साचले तर ते ६०० लिटर, म्हणजे सुमारे ६०० किलो वजन. ते हिंदकळते, होडी कलंडू शकते. म्हणून पुढची लाट येण्याआधी निचरा व्हायला हवा.

भुसावळच्या वाचकाला हतनूर धरणाचे दरवाजे ठाऊक आहेत. तिथल्यासारखेच इथेही विसर्ग दोन गोष्टींवर ठरतो : वाट किती मोठी आणि तिच्यावर पाणी किती उंच. पातळी उतरते तसा वेग मंदावतो. वरील पाणी ३० वरून १० सें.मी.वर यायला २५ मि.मी. व्यासाच्या दोन भोकांतून अंदाजे सहा मिनिटे लागतात, ५० मि.मी.च्या दोन भोकांतून दीड मिनिट. व्यास दुप्पट, वेळ पाव.

आयएसओ ११८१२ या मानकात निचऱ्याचा कमाल वेळ कॉकपिटचे आकारमान आणि होडीचा वर्ग पाहून ठरतो. जाळी, नळीची वळणे आणि झडपा प्रवाह अडवतात, म्हणून हिशेबात त्यांची घट धरावीच. होडी कलली तरी एक वाट मोकळी राहावी, यासाठी दोन्ही बाजूंना भोके हवीत.
— संपादक