तराजूच्या साक्षीने

रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात स्थिर प्रमाणाचा नियम दोन ओळींत आटोपलेला असतो. संयुग कुठूनही आणा, त्यातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण ठरलेलेच. पाणी घटप्रभेचे असो वा मलप्रभेचे, शुद्ध केल्यावर त्यात एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन असणारच. विद्यार्थी नियम पाठ करतात, गणिते सोडवतात आणि पुढे सरकतात. मी महाविद्यालयात कित्येक वर्षे हेच शिकवले. परंतु या दोन ओळींमागचा दोन विद्वानांचा वाद सांगितल्याशिवाय मला कधी पुढे जाववले नाही.

तराजूला रसायनात मानाचे स्थान मिळवून दिले ते फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी. क्रियेपूर्वीचे एकूण वजन आणि क्रियेनंतरचे एकूण वजन सारखेच भरते, हे तत्त्व त्यांनी 1789 च्या आपल्या ग्रंथात मांडले. पाचच वर्षांनी, 1794 मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचा शिरच्छेद झाला. इकडे जर्मनीत रिश्टर यांनी 1792 मध्ये 'स्टॉइकिओमेट्री' हा शब्द घडवला. मूलतत्त्व आणि मोजमाप या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. तराजू आला, शास्त्राला नाव मिळाले. पण पदार्थ एकमेकांशी ठराविक प्रमाणातच जोडले जातात का, हा प्रश्न शिल्लकच होता.

'नाही' म्हणणारे होते बर्तोले. फ्रान्समध्ये त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर ते इजिप्तला गेले. तेथील सरोवरांच्या काठी त्यांना सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्यापासून खडू आणि मीठ मिळते. येथे तर मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा तयार होत होता. क्रिया उलटी फिरली होती, कारण मीठ आणि चुनखडी तिथे अमाप होती. पदार्थाचे परिमाण क्रियेची दिशा ठरवते, तर ते संयुगाची घडणही बदलत असले पाहिजे, असे बर्तोले यांनी अनुमान काढले.

'होय' म्हणणारे होते प्रूस्त, अँजे गावच्या औषधविक्रेत्याचे चिरंजीव. हे फ्रेंच गृहस्थ त्या वेळी स्पेनमध्ये अध्यापन करीत होते. बरेच दिवस न घासलेल्या तांब्याच्या घागरीवर जे हिरवे पुट चढते, त्यात तांब्याचे कार्बोनेट असते. प्रूस्त यांनी तांबे तोलून आम्लात विरघळवले, त्यात सोड्याचे द्रावण घालून हिरवा साका खाली बसवला, धुतला, वाळवला आणि तोलला. 100 भाग तांब्याला 180 भाग कार्बोनेट भरले. पुन्हा केले, आम्ल बदलून केले. तरी 180 च! खाणीतल्या खनिजाचे पृथक्करण केले, तर त्याचीही घडण तीच निघाली. 1799 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

पुढे सात-आठ वर्षे दोघांचे लेखी उत्तर-प्रत्युत्तर चालले, आणि तेही पूर्ण सभ्यतेने. बर्तोले बदलत्या प्रमाणाचे धातूंचे ऑक्साइड दाखवीत. प्रूस्त त्यांचे पृथक्करण करून दाखवीत की हे एक संयुग नव्हे, हे दोन ठराविक ऑक्साइडांचे मिश्रण आहे. मिश्रण आणि संयुग यांतील भेद या वादातच स्वच्छ झाला. 1808 मध्ये डाल्टन यांच्या ग्रंथाने अणुवाद पुढे आणला आणि प्रूस्त यांच्या नियमाचे कारणही समजले: अणू जोडले जातात ते अख्खे, अर्धे-पाव नव्हे.

मग बर्तोले हरले का? पूर्णपणे नाही. परिमाणाचा क्रियेवर परिणाम होतो हे त्यांचे निरीक्षण गुल्डबर्ग आणि वोगे यांनी 1864 मध्ये नियमात बांधले. विसाव्या शतकात तर खरोखरच प्रमाण ढळणारी संयुगे सापडली. लोहाच्या एका ऑक्साइडात ऑक्सिजनच्या 100 अणूंमागे लोहाचे सुमारे 95 अणू असतात. रशियन रसायनज्ञ कुर्नाकोव्ह यांनी अशा पदार्थांना 'बर्तोलाइड' म्हटले.

आता त्या 180 कडे पुन्हा वळू. आजच्या अणुभारांनी हिशेब केला, तर 127 भाग तांब्यापासून 221 भाग कार्बोनेट मिळायला हवे, म्हणजे 100 ला 174. प्रूस्त यांचा आकडा सहाने जास्त होता! तरीही नियम खरा ठरला, कारण त्यांनी दरवेळी जे भरले तेच लिहिले. परीक्षेच्या धास्तीने पुस्तकातल्या उत्तराशी आकडे जुळवून आणणारी मुले मी पुष्कळ पाहिली. त्यांना मी एवढेच म्हणे, "बाबांनो, 174 कोणीही नकलून काढील. तुमच्या तराजूवर तीनदा 180 आले असतील, तर वहीत 180 च लिहा. चूक कुठे आहे ते मग आपण मिळून शोधू."